दोराचं बाहेरचं टोक

बंब आग विझवून परत आला, की सगळ्यांत आधी गुळाचा डबा उघडायचा, अशी केंद्रावर पद्धत होती. होज, म्हणजे पाण्याचा पाइप, धुणं, टाकी भरणं, ओले कपडे बदलणं हे सगळं नंतर. जो जो धुरात गेला असेल त्यानं गुळाचा खडा तोंडात टाकायचा आणि तो विरघळेपर्यंत गप्प बसायचं. गूळ छातीतला धूर ओढून घेतो, असं जुने लोक सांगत. गूळ जातो पोटात, धूर बसतो छातीत, मग त्या दोघांची गाठ पडते कुठे, हे कुणी विचारत नसे.

सहादू निरभवणे १९९० साली नाशिकच्या या अग्निशमन केंद्रावर फायरमन म्हणून लागले, तेव्हा त्यांनीही विचारलं नाही. वडील विंचूरकडून येऊन नाशिकरोडला हमाली करत. उपनगरापलीकडच्या बौद्ध वस्तीत दोन खोल्यांचं घर होतं. अंगावर वर्दी चढवणारे सहादू घरातले पहिलेच. भावंडांत थोरले म्हणून घरी त्यांना नाना म्हणत. एकदा धाकटा भाऊ डबा द्यायला आला आणि दारातूनच ‘नाना’ अशी हाक मारून गेला. तेव्हापासून केंद्रावरही ते नानाच झाले. पंचविशीसुद्धा उलटली नव्हती.

वर्दी म्हणजे खाकी सुती डगला. तो आगीजवळ गेला की आधी तापायचा, मग पाण्याने भिजून जड व्हायचा. बूट रबरी होते, पाणी आत शिरलं की पाय उकडून निघत. हेल्मेट सगळ्यांना एकाच मापाचं, त्यामुळे कुणाच्या डोळ्यांवर यायचं, तर कुणाच्या टाळूवर टेकून राहायचं. हातमोजे होते, पण ते घालून होजची जोडणी बसत नसे, म्हणून ते बंबाच्या सीटखाली पडलेले असत. तोंडावर ओला पंचा बांधायचा. श्वासासाठी हवेचे दोन सेट आले होते असं ऐकिवात होतं. वापरून खराब होतील म्हणून ते कपाटात कुलपाखाली ठेवले होते आणि किल्ली ज्यांच्याकडे असे ते रविवारी गावी जात.

नानांना काम शिकवलं ते चांदवडच्या भिका आहेरांनी. भिकाभाऊ केंद्रावरचे सगळ्यांत जुने. धुरात किती वेळ थांबतो यावर माणूस जोखायचा, हा त्यांचा हिशेब. नाना पहिल्यांदा खोकत बाहेर आले, तेव्हा भिकाभाऊ पाठीवर थाप मारून म्हणाले होते, “घाबरू नको रे. धूर पहिल्यांदा पाव्हण्यावानी अवघडून बसतो. मग घरचा व्हतो.”

त्या वर्षांत जळायचं ते मुख्यतः लाकूड, बारदान, कडबा. पंचवटीतल्या वखारी, गावाबाहेरच्या गंजी. तो धूर डोळ्यांना झोंबायचा, घसा खरवडायचा आणि दोन दिवसांनी उतरायचा. मग हळूहळू शहरात जळणाऱ्या वस्तू बदलल्या. द्राक्षांसाठी थर्माकोल आलं, कांद्या-टोमॅटोला प्लास्टिकचे क्रेट आले, घरोघरी फोमच्या गाद्या आल्या. त्यांचा धूर काळा, तेलकट, गोडसर वासाचा. तो डोळ्यांना फारसा झोंबत नसे. माणूस आत जास्त वेळ थांबायचा आणि बाहेर येऊन भिंत धरायचा.

भिकाभाऊंना ते शेवटपर्यंत कळलं नाही. निवृत्तीच्या आधीच त्यांना जिना चढताना मध्ये थांबावं लागायला लागलं. पुढे घरातल्या घरात थांबावं लागायला लागलं. नाना सुट्टीच्या दिवशी त्यांना भेटायला जात. भिकाभाऊ खाटेवर उशा पाठीशी लावून बसलेले असत. आडवं झालं की श्वास अडायचा.

“गूळ खाल्ला रे सगळा,” एकदा ते म्हणाले. “पोतंभर खाल्ला असंल.” आणि हसायला गेले. ते हसू खोकल्यात गेलं आणि बराच वेळ खोकल्यातच राहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात भिकाभाऊ गेले. नानांनी त्यांना खांदा दिला. त्यानंतर केंद्रावर गुळाचा डबा उघडला की नाना उठून होज धुवायला जात. 

सिंहस्थ वर्ष-दीड वर्षावर आला तशी शहरात सगळीकडे नवी सामग्री यायला लागली, तशी ती केंद्रावरही आली. पाठीवर सिलेंडर, तोंडावर पूर्ण चेहरा झाकणारा काचेचा मास्क, असे हवेचे सेट. नाना तोवर लीडिंग फायरमन झाले होते. त्यांना शिकायला नागपूरला पाठवलं. परत आले ते पहिल्याच दिवशी कपाटाचं कुलूप काढून फेकलं आणि सेट बंबातच खुंट्यांवर टांगले.

त्यांनी शिफ्टला शिकवायला सुरुवात केली. गॅरेजचं शटर ओढायचं, मास्कच्या काचेवर आतून कागद लावायचा आणि टायर, बाकडी, रिकामी पिंपं यांच्यामधून गुडघ्यांवर रांगत पलीकडची भिंत गाठायची. माणसं कुरकुरत, हसत.

“नाना, पार गणपती केलात की आमचा!” दिनेश म्हणायचा. दिनेश हा शिफ्टमधला सडपातळ, बडबड्या, जुन्या नाशकातला मुलगा. आत काही दिसेनासं झालं की त्याची बडबड वाढायची. “नुसती सोंड लावलीत. मोदक कुठंय?”

“बोलू नकोस. बोललास की हवा संपते.”

“म्हणजे माझी तर दारातच संपली.”

नानांची जोडी होती गोरक्ष पोटिंदेशी. जोडी म्हणजे आत जाताना दोघांनी मिळून जायचं, बाहेर येतानाही दोघांनी मिळून यायचं. एकाची हवा संपत आली तरी दोघांनी फिरायचं. गोरक्ष त्र्यंबकजवळच्या पहिन्याचा, डोंगरात वाढलेला, छातीनं भरलेला. भरलेला होज खांद्यावर टाकून तो जिना असा चढायचा, की मागच्याला वाटावं रिकामाच आहे. बोलायचा कमी. नानांच्या डब्यातली सुकटीची चटणी त्याला आवडायची. यशोदाबाई, म्हणजे नानांची बायको, मग त्याच्यासाठी वेगळी पुडी बांधून द्यायच्या.

नागपूरला शिकलेल्या सगळ्या गोष्टींत एक गोष्ट नाना रोज सांगत. मास्क उघड्या कातडीवरच बसतो. मध्ये दाढीचे खुंट आले की तिथून हवा निसटते. सिलेंडर लवकर रिकामा होतो आणि माणूस आत असताना होतो. तपासायची रीतही सोपी होती. मास्क लावायचा, सिलेंडर बंद करायचा आणि श्वास आत ओढून धरायचा. मास्क गालांना चिकटून राहिला तर ठीक. सुटला तर आत जायचं नाही.

सगळ्यांना ते पटलं. मग श्रावण लागला.

ते २००२ साल. पहिल्या आठवड्यातच केंद्रावरची निम्मी तोंडं काळवंडली. दर वर्षीच काळवंडायची. ज्याच्या घरी पाळतात तो महिनाभर वस्तऱ्याला शिवत नसे, त्यात नवल काहीच नव्हतं. नव्या मास्कचा मात्र हा पहिलाच श्रावण होता. नानांनी सकाळच्या हजेरीला तपासणी घेतली, तर निम्म्यांचे मास्क सुटले.

“गोरक्ष, दाढी.”

“श्रावण हाय, नाना.”

“माहीत आहे. मास्क बसत नाही.”

“पट्टे अजून ओढू.”

“पट्ट्यानं बसत नाही. काल बघितलंस ना?”

गोरक्ष पट्टे पुन्हा ओढायला लागला. मागून कुणीतरी, मोठ्यानं नाही पण ऐकू जाईल असं, म्हणालं, “नानांना बोलायला काय जातंय? त्यांना कुठं श्रावण असतो.”

  नानांनी मास्क पुसून खुंटीला लावला आणि हजेरी संपली.

दुपारी ते देवरे साहेबांकडे गेले. देवरे साहेब केंद्राचे प्रमुख, माणूस सरळ होता. “निरभवणे, नियम तुमच्या बाजूचा आहे,” ते म्हणाले. “पण श्रावणात पोरांना दाढ्या काढायला लावल्या, असं उद्या गावभर झालं, तर ते माझ्या नावानं होणार नाही. तुमच्या नावानं होईल. का होईल ते तुम्हालाही ठाऊक आहे. जरा जमवून घ्या.”

नानांना ठाऊक होतं. ते परत आले.

गोरक्षची गोष्ट नुसत्या पाळण्याची नव्हती. त्याची बायको तृप्ती हिला दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा टिकले नव्हते. या खेपेला पाचवा महिना लागला, तेव्हा त्याची आई वत्सलाबाई त्र्यंबकेश्वराला जाऊन बोलून आल्या होत्या, की पोरगा अख्खा श्रावण धरील, तोंडाला पातं लावणार नाही, तिसऱ्या सोमवारी डोंगराची अनवाणी फेरी करील. हे गोरक्षनं कुणाला सांगितलं नव्हतं. नानांना ते यशोदाबाईंकडून कळलं, आणि यशोदाबाईंना तृप्तीकडून.

संध्याकाळी यशोदाबाई विहारातून आल्या. वर्षावास चालू होता, त्या रोज ग्रंथवाचनाला पांढरी साडी नेसून जात. नानांनी दिवसभराचं सांगितलं.

“मला कुणी म्हणालं, वर्षावासात विहारात जाऊ नका, तर मी ऐकीन का?” त्या म्हणाल्या.

“तुझ्या विहारात जाण्यानं कुणी गुदमरत नाही.”

“मग तो गुदमरणार नाही असं काहीतरी काढा. माणूस कशाला तोडता?”

“काय काढू?”

“ते मला काय ठाऊक. बंबावर तुम्ही जाता.”

 दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगून टाकलं, की ज्याची दाढी आहे त्यानं श्रावण संपेपर्यंत मास्क लावायचा नाही. बाहेर पाण्याकडे बघायचं. बाकीच्यांनी ते निमूट ऐकलं. गोरक्षला लागलं. केंद्रावर ‘बाहेर उभा राहणारा’ म्हणजे नवखा, म्हातारा किंवा भित्रा. चौथं कुणी बाहेर उभं राहत नसे. त्या दुपारी तो डबा घेऊन एकटाच बंबामागे जाऊन बसला. श्रावण म्हणून सुकटीऐवजी शेंगदाण्याच्या चटणीची बांधलेली पुडी नानांच्या डब्यात तशीच राहिली.

दोन दिवसांनी तो सगळ्यांसमोर नानांपुढे येऊन उभा राहिला. दाढी चमकत होती. त्यानं मास्क लावला, पट्टे ओढले, सिलेंडर बंद केला आणि श्वास आत ओढला. मास्क गालांना घट्ट चिकटला आणि चिकटलेलाच राहिला.

त्यानं दाढीला व्हॅसलीन चोपडलं होतं. खुंटांमधल्या फटी बुजल्या होत्या.

“आता बोला!” दिनेश ओरडला. “नाना, डोंगरातलं डोकं बघा. नागपूरला पाठवा याला मास्तर म्हणून!”

सगळे हसले. गोरक्षही मास्कच्या आत हसला, तरी मास्क सुटला नाही. त्या हजेरीनंतर पहिल्यांदाच केंद्राच्या अंगणात मोकळं वाटलं. नानांनी जवळ जाऊन मास्कच्या कडेवरून बोट फिरवलं. कुठून हवा येत नव्हती. परीक्षा त्यांनीच शिकवली होती आणि तो ती पास झाला होता.

नाही म्हणायला कारण होतं. अंगण गार होतं, गोरक्ष स्थिर उभा होता, घाम आला नव्हता. जिना चढायला लावून पुन्हा तपासता आलं असतं. नानांच्या मनात तेही आलं. पण सगळे हसत होते, गोरक्ष त्यांच्याकडे बघत होता आणि त्या घडीला नानांना नाही म्हणायचं नव्हतं.

“बरं,” ते म्हणाले.

त्याच आठवड्यात, दुपारी, अंबडच्या बाजूला फोमच्या गाद्या शिवणाऱ्या एका कारखान्याला आग लागली. बंब पोचला तेव्हा पत्र्याखालून काळा धूर जाड दोरखंडासारखा बाहेर येत होता. मालक पळत आला. “काळू आत आहे! माझा माणूस आहे आत, कापायच्या टेबलापाशी!”

नाना आणि गोरक्षनं सेट चढवले. आत जाणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा, म्हणजे काही दिसलं नाही तरी दोर चाचपत परत येता येतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दोराचं बाहेरचं टोक मात्र नेहमी बंबाच्या बंपरला बांधलं जायचं. त्यासाठी एक माणूस अडकवून ठेवायची कुणाची तयारी नसे, आणि तसं उभं राहायची तर कुणाचीच नसे. त्या दिवशीही दिनेशनं ते बंपरला बांधलं आणि तो पाण्याकडे धावला.

आत हाताएवढं अंतरही दिसत नव्हतं. गाद्यांच्या थप्प्यांमधून दोघं गुडघ्यांवर पुढे सरकत होते. गोरक्ष पुढे, होजचं तोंड त्याच्या हातात. वरचा पत्रा तापून कडकड वाजत होता. थोडं आत गेल्यावर नानांना एक बारीक फुसफुस ऐकू आली. त्यांनी आधी स्वतःचा मास्क चाचपला. तो घट्ट होता. मग गोरक्षच्या खांद्याजवळ कान नेला. फुसफुस तिथून येत होती. घामानं व्हॅसलीन पाघळलं होतं आणि मास्क त्याच्या हनुवटीवरून सरकत होता. हवा सुटत होती.

नानांनी त्याचा पट्टा ओढला. गोरक्षनं हात पुढे करून दाखवलं. टेबल तिकडे आहे. त्याच वेळी त्याच्या सेटची शिटी वाजायला लागली. हवा संपत आली की ती वाजते. नानांचा सेट अजून निम्मासुद्धा झाला नव्हता.

गोरक्ष तरीही पुढे सरकला. आत माणूस होता. नानांनी दोन्ही हातांनी त्याचा पट्टा धरून त्याला मागे खेचलं आणि दोर धरून उलट फिरले. दोर ताणलेला नव्हता. बाहेर तो धरून सैल-ताठ करणारं कुणी नव्हतंच. तो जमिनीवर वेटोळी होऊन पडला होता, एका थप्पीला वळसा घालून पुन्हा त्याच थप्पीपाशी येत होता. नाना तो वळसा पूर्ण फिरले. गोरक्षची शिटी बंद पडली. शिटी बंद पडली म्हणजे हवा संपली. त्यानं मास्क उपसून काढला. थोड्याच वेळात गोरक्ष नानांच्या हातात जड झाला.

दरवाज्यातून दिनेशला आत धुरात एक बूट दिसला. त्यानं तो बूट धरून ओढला. त्या बुटामागून गोरक्ष आणि गोरक्षच्या पट्ट्याला धरलेले नाना बाहेर आले.

गोरक्ष उलट्या करत होता, काळं ओकत होता, पण श्वास चालू होता. त्याला गाडीत घालत असताना गर्दीतून एक माणूस हातात चहाचा ग्लास घेऊन पुढे आला आणि मालकाला विचारायला लागला, “शेठ, कोण होतं आत?” तो काळू होता. मागच्या दारानं चहाला गेला होता आणि आल्यापासून गर्दीत उभा राहून आग बघत होता.

दवाखान्यात वत्सलाबाई खाटेशी बसल्या होत्या. नाना आत आले तशा त्या उठल्या नाहीत.

“मास्कात केस आले की हवा जाती, हे तुमाला ठावं व्हतं ना?”

“हो.”

“मंग आत कशापायी नेला?”

“आई, मीच हट्ट धरला,” गोरक्ष घोगऱ्या आवाजात म्हणाला.

“तू गप. मी त्यांना इचारती.”

“मला वाटलं, चालून जाईल,” नाना म्हणाले. 

वत्सलाबाईंनी गोरक्षच्या अंगावरची चादर सारखी केली. “दाढी काय निघायची नाय,” त्या म्हणाल्या. “देवापाशी बोल मी बोलले, तो मोडायचा नाय. पोराला आत न्यायचं का नाय, ते तुमचं काम. तुमी तुमचं बघा, मी माझं बघती.” मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, “बसा. उभे का?”

नाना बसले. तृप्तीला पुढे थंडीत मुलगी झाली, संजना. वत्सलाबाई तिचं श्रेय कुणाला देतात हे सांगायला नको. पण त्या दुपारी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तृप्ती खिडकीशी पोटावर हात ठेवून बसली होती, आणि खोलीतले सगळे तिच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते.

“म्हणजे महिनाभर मी बंबाला टेकून उभा,” गोरक्ष म्हणाला.

नाना पुढे झुकले. “आपला दोर कुणी धरला होता?” त्यांनी विचारलं.

“बंपरनं.”

“बंपरला काय कळतं?”

गोरक्ष कोपरावर उठून बसला.

“आपण त्या थप्पीला फेरा मारला, ते बाहेर कुणाला कळलं नाही,” नाना म्हणाले. “तुझी हवा किती उरली, कुणाला ठाऊक नव्हतं. आपण आत किती वेळ आहोत, ते कुणी बघत नव्हतं. दिनेशला बूट दिसला म्हणून. नाहीतर आपण दारापासून चार हातांवर पडलो होतो.”

“मंग?”

“मग दाढीला चालेल असं काम आहे. सोपं नाही.”

गोरक्ष बरा होऊन आला, तोवर दुसरा सोमवार उलटला होता. नानांनी शिफ्टला पुन्हा गॅरेजमध्ये नेलं. या वेळी त्यांनी आत जाणाऱ्यांना नाही, बाहेर थांबणाऱ्याला शिकवलं. दोर हाताला सतत लागत राहिला पाहिजे, ढिला नाही आणि ओढलेलाही नाही. एक हिसका म्हणजे ठीक आहे, तीन म्हणजे बाहेर या. कोण कधी आत गेला आणि त्याच्या सिलेंडरमध्ये किती हवा होती, ते खडूनं बंबाच्या दारावर लिहायचं. घड्याळ आतल्यानं बघायचं नाही. आतल्याला वेळ कळत नाही. बाहेरच्यानं बघायचं, आणि बाहेरच्यानं बोलावलं की आतल्यानं यायचं. लीडिंग फायरमन असला तरी.

“गोरक्षला दावं दिलं धरायला,” दिनेश म्हणाला. “आत जनावरं, बाहेर गुराखी.”

“गुरं राखलीत मी,” गोरक्ष म्हणाला. “तुझ्यापेक्षा शहाणी व्हती. हाक मारली की येत.”

तिसऱ्या सोमवारी त्यानं अनवाणी फेरी केली, सावकाश, मध्ये बसत बसत, आणि मंगळवारी पायाला पट्ट्या बांधून कामावर आला.

श्रावणाच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी दुकानं उघडायच्या वेळेला, एका रंगाच्या दुकानाच्या तळघरात आग लागली. नाना आणि दिनेश आत गेले. दिनेशची दाढी घोटलेली होती आणि तो चक्क गप्प होता. गोरक्ष जिन्याच्या तोंडाशी दोर धरून उभा राहिला. शेजारी उभ्या बंबाच्या दारावर खडूनं दोन ओळी लिहिल्या होत्या.

बाहेर उभं राहणं काय असतं ते त्याला तेव्हा कळलं. आत असताना माणसाला हात असतात, गुडघे असतात, पुढची वीत असते. बाहेर नुसता दोर असतो. तो जरा हलला तरी छातीत काहीतरी हलतं, आणि हलला नाही तर जास्तच.

रस्त्यावर गर्दी जमली होती. दुकानदार कपाळ बडवत त्याच्यापुढे आला. “अरे, धडधाकट माणूस तू, इथं दोरी काय धरून बसलास? जा ना आत!”

“नाय जायचं मला,” गोरक्ष घड्याळावरची नजर न काढता म्हणाला.

“भ्यायला काय?” गर्दीतून कुणीतरी.

“हां. भ्यायलोय. मागं सरा.”

वेळ झाली. त्यानं दोराला तीन हिसके दिले. उत्तर आलं नाही. त्यानं पुन्हा तीन दिले. एक हिसका आला. ठीक आहे. म्हणजे ते येत नव्हते.

खाली नानांना आगीचं मूळ सापडलं होतं. थिनरच्या डब्यांमागे, कोपऱ्यात. पाणी नेमकं तिथं पडत होतं आणि धूर पांढरा व्हायला लागला होता. अजून थोडं मारलं की विझलीच असती. त्यांना हिसका जाणवला, त्यांनी एक परत दिला आणि मनात म्हटलं, आता निघतोच.

गोरक्षनं पाय जिन्याच्या कठड्याला रोवले आणि दोर ओढायला सुरुवात केली. हिसका नाही, ओढणं. भरलेला होज तिसऱ्या मजल्यावर चढवताना लावायचा तेवढा जोर लावून. नाना पुढे वाकले होते ते मागे बसले, पुन्हा उठायला गेले, पुन्हा बसले. दिनेशला नानांनी पट्ट्यानं धरलं होतं, त्यामुळे तोही बरोबर आला. एकेक पायरी करत दोघं उलट्या पावली वर आले. वर आले तेव्हा दिनेशची शिटी वाजत होती आणि नानांची सुरू होत होती.

“तीन हिसके दिले!” गोरक्ष ओरडला. “तीन-तीन, दोन वेळा दिले! काय करत होतात खाली?”

“कोपरा सापडला होता, गोरक्ष. दोन मिनिटांत—”

“कोपरा गेला खड्ड्यात! हे बघा, काय लिवलंय हितं? कुणी लिवायला शिकवलं मला? तुमची कधी संपायची ते मला कळतं हितं, तुमाला कळत नाय खाली! तुमीच सांगितलंय हे! लीडिंग फायरमन असला तरी, म्हणालात का नाय?”

  नाना मास्क हातात घेऊन उभे होते. कपाळावर मास्कच्या कडेची लाल रेघ उमटली होती. 

“म्हणालो,” नाना म्हणाले.

“मंग बसा आता. दुसरी जोडी जाईल.”

“कोपरा कुठं आहे ते सांगतो त्यांना—”

“बसून सांगा.”

नाना बंबाच्या पायरीवर बसले. दुसऱ्या जोडीला त्यांनी बसल्या जागेवरून कोपरा सांगितला, डब्यांची रांग सांगितली, उजवीकडची पायरी तुटकी आहे तेही सांगितलं. दोघं पायऱ्या उतरून धुरात गेले. गोरक्षनं जुन्या ओळी पुसून खडूनं त्यांची वेळ लिहिली आणि दोर तळहातांवरून हळूहळू सोडायला लागला. त्यानं नानांकडे वळून पाहिलं नाही. त्याला सवडही नव्हती.